भरतीची रेघ की ओहोटीची?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. सेवानिवृत्तीच्या वेळी कचेरीतून घरी आलेले आमचे कागद तीत भरून ठेवले होते : बदल्यांचे हुकूम, पगाराच्या चिठ्ठ्या, निरोप समारंभांची मानपत्रे. सगळ्यांच्या तळाशी अमोनिया प्रतीचा, चौघडी घातलेला एक नकाशा निघाला. घडीवर फाटलेला, शाई उडालेली. पण त्यावर लाल पेन्सिलीने ओढलेली एक रेघ मात्र अजून ठसठशीत होती. "हा रद्दीत द्यायचा का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही उत्तर न देता तो घेऊन झोपाळ्यावर जाऊन बसलो. ती रेघ आमच्याच हातची होती.

आमचे घराणे सयाजीराव महाराजांच्या काळात मालवणकडून बडोद्यास आले. पणजोबा खाजगी खात्यात कारकून म्हणून लागले आणि इथलेच झाले. पुढच्या तीन पिढ्यांना समुद्र दिसला तो फक्त कुलदैवताच्या यात्रेत. आम्ही राज्य सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस लागलो आणि दैवगतीने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका तालुक्यात आमची नेमणूक झाली. तालुक्याचे व गावाचे नाव मुद्दामच देत नाही. दोष सांगायचा आहे तो आमचा, गावाचा नव्हे.

त्या किनाऱ्यावरील प्रवाळ आणि तिवरांची झाडी (तिकडे तिला चेर म्हणतात) वाचवण्यासाठी काही पट्टा संरक्षित करावा असा एक प्रस्ताव वरून आला होता. हेतू उत्तम होता, याबद्दल आम्हांस तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. प्रवाळ म्हणजे माशांचे बाळंतघर. चेर म्हणजे किनाऱ्याचा तट. दोन्हींचा नाश डोळ्यांदेखत चालला होता. सर्वेक्षणाचे नकाशे आमच्या मेजावर आले. त्यांवर हद्दीची रेघ ओढून, गावकऱ्यांना समजावून, त्यांच्या हरकती नोंदवून पंच-रोजकाम वर पाठवायचे, एवढेच आमचे काम होते. आम्ही पट्टी लावली आणि रेघ ओढली. मग गावात सभा बोलावली.

सभा सकाळी नऊची ठेवली, कारण त्यानंतर ऊन तापते. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी ओहोटी नेमकी साडेआठ-नऊच्या सुमारास होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असे वाटलेही नव्हते. त्या किनाऱ्यावर पगडिया म्हणून ओळखले जाणारे मच्छीमार असतात. त्यांच्याकडे होडी नसते. पाणी ओसरले की ते पायी चिखल तुडवीत दूरवर जातात, काठ्यांना जाळी बांधतात आणि पुढच्या ओहोटीला त्यांत अडकलेली मासळी काढून आणतात. आमची सभा भरली तेव्हा गावातील निम्मे पगडिया समुद्रात होते आणि त्यांच्या बायका मासळी उतरवून घेण्यासाठी काठावर उभ्या होत्या. सभेस आले ते सरपंच, तलाटी, शाळामास्तर, दोन होडीमालक आणि मासळीचे व्यापारी. भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवर चेर खायला जाणारे खाराई उंट पाळणारे मालधारी तर आमच्या यादीतच नव्हते.

पण एक म्हातारा पगडिया आला होता. गुडघे गेल्यामुळे त्याचे चिखलात जाणे सुटले होते. त्याने नकाशा जवळ मागितला, डोळ्यांशी नेला, लाल रेघेवरून बोट फिरवले आणि विचारले, "साहेब, आ लीटी भरतीनी छे के ओटनी?"

ही रेघ भरतीची की ओहोटीची?

आम्ही त्या वेळी तिशीच्या आतले होतो. हजरजबाबी असल्याचा लौकिक होता. आम्ही म्हणालो, "बापा, आ तो सरकारी लीटी छे." सभा हसली. म्हाताराही हसला आणि त्याने नकाशा घडी करून परत दिला. सह्या झाल्या, अंगठे उमटले. रोजकामात आम्ही लिहिले : "ग्रामस्थांस समजावून सांगितले. कोणाचीही हरकत आली नाही."

त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीत पाच-सहा मीटरपर्यंत फरक पडतो. सपाट किनाऱ्यावर एवढे पाणी चढले-उतरले की काठ काही किलोमीटर पुढे-मागे सरकतो. नकाशावर जे पाणी असते, ते दिवसातून दोनदा जमीन होते. आमची रेघ भरतीच्या काठापासून मोजायची, तर पगडियांची सगळी जाळी बंदीच्या पट्ट्यात जात होती. ओहोटीच्या काठापासून मोजायची, तर जे वाचवायचे ते प्रवाळच बाहेर राहत होते. म्हणजे म्हाताऱ्याने हरकत घेतली नव्हती. त्याने योजनेतला मूळ दोष दाखवला होता. तो प्रश्न रोजकामात असता, तर वरच्या कोणा शहाण्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडला असता. आम्ही तो लिहिला नाही.

काही वर्षांनी, दुसऱ्या जागी बदली झाल्यावर, एका लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूस जाणे झाले. किनाऱ्यावर बंदीचा फलक लागला होता. पण त्याचा खांब कोणी तरी उपटून चेरांत टाकला होता. तिथल्या वृद्ध पहारेकऱ्याने सांगितलेले वाक्य आमच्या मनातून कधी गेले नाही. तो म्हणाला, "साहेब, पूर्वी रात्री कोणी चेर तोडायला आला, तर हेच लोक येऊन सांगायचे. आता कोणी सांगत नाही." नियमाने समुद्राला एक पहारेकरी दिला होता आणि शंभर काढून घेतले होते.

वास्तविक बडोद्याच्या माणसाला समुद्राचा विचार परका नसावा. द्वारका, बेट आणि ओखा यांसह ओखामंडळ हा बडोदे संस्थानचाच मुलूख होता. तिथल्या सागरी जीवसृष्टीची पाहणी करण्यासाठी महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञास बोलावले. त्यांच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली प्रसिद्ध झाला. हेच हॉर्नेल पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले आणि शंख, होड्या, जाळी यांवर त्यांनी विपुल लिहिले. समुद्रात काय आहे हे आधी जाणून घ्यावे, ही दृष्टी शतकापूर्वी आपल्या संस्थानाला होती. जाणून घेण्याच्या त्या कामात काठावरचा माणूसही जाणता असतो, हे शिकायला मात्र आपल्याला फार काळ लागला.

त्याच आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगरच्या बाजूस, देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १६३ चौरस किलोमीटर. पिरोटनसारखी बेटे, नरारासारखी ओहोटीत पायी हिंडता येणारी प्रवाळभूमी त्यात आहे. एके काळी येथील प्रवाळी वाळू सिमेंटसाठी उपसली जात असे. तिला आळा बसणे आवश्यकच होते. पुढे याच परिसरातून तेलवाहिन्या टाकण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ साली त्यांना मार्ग मोकळा झाला. देशाला तेल हवे, हे आम्ही जाणतो. पण जाळ्याच्या काठीवर बंदी आणि तेलाच्या नळाला मुभा, या दोन गोष्टी काठावरचा माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहतो, हेही नियोजनकाराने जाणले पाहिजे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही सहकुटुंब मालवणास गेलो. कुलदैवताचे दर्शन झाल्यावर दोन दिवस तिथे राहिलो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात. महाराजांनी ज्या खडकांच्या आधाराने जलदुर्ग उभारला, तेच खडक प्रवाळांना आणि माशांनाही आधार देतात, हा मोठा सुंदर योग. पण किल्ल्याकडे नेणाऱ्या होडीवाल्यास आम्ही अभयारण्याविषयी विचारले, तेव्हा तो वल्हे न थांबवता म्हणाला, "तां कागदार आसा." तिथल्या मच्छीमारांनी अभयारण्यास प्रथमपासून विरोध केला आणि तो पुढेही टिकून राहिला. आपल्या पोटावर पाय येणार, ही त्यांची भीती. ती खोटी असेल तर ती दूर करण्याचे आणि खरी असेल तर तिच्यावर उपाय काढण्याचे काम जाहीरनाम्याच्या आधी व्हायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर आम्ही रापण पाहिली. एक होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसे दोर धरतात आणि पावलापावलाने मागे सरत जाळे ओढतात. एका बाजूने घाई केली, तर जाळे तिरके होऊन मासळी निसटते. शेवटी मासळी वाळूवर येते आणि वाटे पडतात. जाळ्याचे वाटे, होडीचा वाटा, कष्टाचा वाटा. कोणी मोठ्याने बोलत नव्हते, कागद नव्हता, तरी प्रत्येकाला आपला हिस्सा ठाऊक होता. सरकारी सेवेत एवढी वर्षे काढूनही वाटणीची इतकी निर्वेध बैठक आमच्या पाहण्यात आली नव्हती. ज्यांना रापण चालवता येते, त्यांना समुद्राचा एक तुकडा राखता येणार नाही, असे आम्ही कोणत्या आधारावर मानले?

कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, दावे मागवावेत, अशी तरतूद त्यात आहे. पण ती जमिनीचा विचार करून लिहिलेली. शेतकरी सातबाऱ्याचा उतारा घेऊन येतो. समुद्राला सातबारा नाही. आमच्या दाव्याच्या छापील नमुन्यात 'सर्वे नंबर' असा रकाना होता आणि तो कोरा राहिला की कारकून 'पुरावा नाही' असा शेरा मारी. आजोबांपासून ज्या खडकाजवळ जाळे लावले, त्या खडकाला नाव होते, नंबर नव्हता. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर केंद्राची पूर्वसंमती घ्यावी, नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाचा सल्ला घ्यावा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाचे पुरेसे उपाय योजूनच सीमा ठरवाव्यात, असे त्यात आले. 'योजूनच' हा शब्द महत्त्वाचा. आधी उपाय, मग सीमा. कच्छचे उद्यान आणि मालवणचे अभयारण्य ही दोन्ही या दुरुस्तीच्या आधीची. पण खरे सांगायचे तर, कलम असते तरी आमच्यासारख्या अधिकाऱ्याने त्याचीही पूर्तता एका रोजकामात करून टाकली असती. कलमाने प्रश्न विचारता येतो. कान द्यावा लागतो तो माणसाला.

दुसरी रीत असते काय? असते, आणि ती आपल्याहून श्रीमंत नसलेल्या लोकांनी दाखवली आहे. फिलिपीन्समध्ये सुमिलोन आणि आपो नावांची दोन चिमुकली बेटे आहेत. सुमिलोनच्या प्रवाळाचा काही भाग १९७४ साली राखीव झाला. तेथील सिलिमान विद्यापीठ आणि सागरी जीवशास्त्रज्ञ आंखेल अल्काला यांच्या प्रयत्नांनी ते घडले. मासळी वाढली, शास्त्र खरे ठरले. पण राखण विद्यापीठाची होती. स्थानिक राजकारण फिरले, १९८४च्या सुमारास बंदी मोडली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत आजूबाजूच्या मच्छीमारांची मिळकत जवळपास निम्म्यावर आली.

आपोवर मात्र त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. बेट अवघे ७४ हेक्टरांचे. सुरुंग लावून मासे मारण्याने प्रवाळाची दुर्दशा झालेली. विद्यापीठाची माणसे नकाशा न घेता गेली. तीनेक वर्षे ती बेटावर येत-जात राहिली, गावकऱ्यांशी बोलत राहिली. मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन राखलेला समुद्र कसा दिसतो ते दाखवले. १९८२ साली गावकऱ्यांनी आपल्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यालगतचा सुमारे साडेचारशे मीटर लांबीचा एक तुकडा स्वतः निवडला. केवढा लहान तुकडा! पण निवड त्यांची होती, आणि राखणही त्यांनीच केली. बाकीच्या समुद्रात गळ, पिंजरे, साधी जाळी चालू राहिली. सुरुंग, विष आणि प्रवाळ ठेचणाऱ्या पद्धती बंद झाल्या. राखलेल्या तुकड्यात मासे वर्षानुवर्षे वाढत गेले आणि त्याच्या कडेने मासेमारी करणाऱ्यांना त्याचा लाभ मिळू लागला. पुढे प्रवाळ पाहायला पर्यटक येऊ लागले, गावाला उत्पन्न झाले.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९९४ साली आपोस राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. सन्मान मोठा, पण कारभार बेटाबाहेरच्या मंडळाकडे सरकला आणि पर्यटकांच्या शुल्काचे पैसे गावापर्यंत पोहोचण्यास विलंब होऊ लागला, अशी तक्रार सुरू झाली. २०११ व २०१२ सालच्या चक्रीवादळांनी तर राखलेल्या तुकड्यातले प्रवाळच मोडून टाकले. लोकसहभाग हे काही संकटनिवारणाचे यंत्र नव्हे. पण एखादी गोष्ट आपली असली, तर ती मोडल्यावर पुन्हा उभी करायला हात लागतात. दुसऱ्याची मोडली, तर बघायला गर्दी होते.

कोणी म्हणेल, बेट लहान होते, घरे मोजकी होती. मोठ्या समुद्रात हे कसे जमावे? ऑस्ट्रेलियाने आपल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानाची फेरआखणी केली, तेव्हा दोन फेऱ्यांत मिळून ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या. पहिली फेरी नकाशा काढण्याच्या आधीची होती आणि दुसरी मसुद्यावर. मसुदा त्यानुसार बदलला. २००४ साली नवी आखणी लागू झाली, तेव्हा मासेमारीस पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते, ते ३३ टक्क्यांवर गेले. मच्छीमार सगळे खूश झाले नाहीत. त्यांच्या नुकसानीपोटी सरकारला मोठी रक्कम मोजावी लागली. पण विचारल्याने क्षेत्र घटले नाही, वाढले.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण हिंदी महासागरातील चागोस बेटांचे. तेथील रहिवाशांना ब्रिटिश सरकारने १९७३ सालापर्यंत हलवले होते आणि २०१० साली त्या रिकाम्या बेटांभोवती विशाल सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. आपले मराठी बांधव जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्या मॉरिशसने दाद मागितली. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने ब्रिटनने मॉरिशसच्या हक्कांची कदर केली नाही, असा निर्णय दिला. ज्यांचा समुद्र, त्यांनाच वगळून केलेले संरक्षण न्यायाच्या तराजूत उणे ठरले.

आपल्या गुजरातेतही एक उजवे उदाहरण आहे, आणि ते सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. वेरावळ-मांगरोळच्या समुद्रात येणारा व्हेल शार्क हा प्रचंड, निरुपद्रवी मासा तेलासाठी व पुढे परदेशी निर्यातीसाठी मारला जाई. मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणत. त्याचे स्वतःचे असे नावच नव्हते. २००१ साली त्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले, पण केवळ कायद्याने जाळी थांबत नाहीत. २००४ पासून वन खाते, वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था आणि उद्योग यांनी मिळून मोहीम काढली. मोरारी बापूंनी लोकांना समजेल अशा शब्दांत सांगितले, की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. तिचे नाव पडले 'व्हाली', म्हणजे लाडकी. जाळ्यात ती अडकली, तर मच्छीमार आपले जाळे स्वतः कापून तिला सोडू लागले आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई वन खाते देऊ लागले. २०१२ पासून तर सुटकेची छायाचित्रे मच्छीमारांनीच काढावीत आणि तोच पुरावा मानावा, अशी व्यवस्था झाली. पुरावा त्यांच्या हाती दिला, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या सरकारने आमच्या काळी पगडियाच्या दाव्यावर 'पुरावा नाही' लिहिले, त्याच सरकारने मच्छीमाराचा शब्द ग्राह्य धरला आणि शेकडो व्हाली सुखरूप समुद्रात परतल्या.

आता 'स्थानिक लोक' म्हणताना आपण एक भाबडेपणाही टाळला पाहिजे. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. होडीमालकाचे हित वेगळे, पगडियाचे वेगळे. मालवणात रापणकर आणि पर्ससीन जाळेवाले यांचा झगडा जुना आहे. त्यात आता पर्यटकांना प्रवाळ दाखवणाऱ्यांची भर पडली आहे. मासळी विकणाऱ्या बाईला बाजाराचा जो अंदाज असतो, तो तिच्या नवऱ्यालाही नसतो. पण सभेत ती बोलत नाही. म्हणून सभा एक घेऊन भागत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचे म्हणणे गावाचे म्हणणे म्हणून लिहिले जाते आणि दुर्बळ माणूस दोनदा वगळला जातो : एकदा सरकारकडून, एकदा गावाकडून. शास्त्रज्ञाचे म्हणणे बाजूस सारावे, असेही आम्ही म्हणत नाही. कोणता मासा कधी अंडी घालतो, हे मच्छीमार सांगेल. पाण्याचे तापमान वाढून प्रवाळ का पांढरे पडते, हे शास्त्रज्ञच सांगेल. दोघांनी एकाच नकाशावर बोट ठेवायला हवे, आणि नकाशा त्या वेळी कोरा असायला हवा.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जगातील राष्ट्रांनी माँट्रियल येथे ठरवले, की २०३०पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के भूभाग आणि ३० टक्के समुद्र संरक्षित व्हावा. आणि तो स्थानिक समाजांचे हक्क मानून व्हावा. त्याच वर्षी तामिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरांचे समुद्रगायीसाठीचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. २००२ सालच्या दुरुस्तीने कायद्यात आलेला हा प्रकार; त्यात जाहीर करण्यापूर्वी स्थानिकांशी विचारविनिमय सांगितला आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत कितीतरी किनाऱ्यांवर कितीतरी रेघा ओढल्या जाणार आहेत. कोण्या कचेरीत, कोण्या हुशार तरुण अधिकाऱ्याच्या मेजावर, आमच्यासारखीच लाल पेन्सिल ठेवलेली असेल. आता बहुधा संगणकाचा पडदा असेल, आणि त्यावरची रेघ तर आमच्या रेघेहूनही सरळ येते.

त्या अधिकाऱ्यास आमचे एवढेच सांगणे, की सभेची वेळ ठरवण्यापूर्वी तिथी पाहावी. तिथी सांगितली, की किनाऱ्यावरचे लोक भरती-ओहोटीची वेळ बोटांवर मोजून सांगतात. त्यांनाच विचारावे, की तुम्ही काठावर केव्हा असता. एकदा उधाणात जावे, एकदा उधाण ओसरल्यावर; एकदा पावसाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. त्यांच्याबरोबर ओहोटीत चालत जावे. खडकांची नावे विचारावीत आणि ती नकाशावर लिहावीत. बायकांशी वेगळे बोलावे. ज्याचे नुकसान होणार, त्याची भरपाई आधी ठरवावी, मग रेघ. आणि ती रेघ काही वर्षांनी पुन्हा पाहण्याचे वचन त्याच कागदावर द्यावे. यास वेळ लागेल. आमच्या त्या सभेस दोन तास लागले होते, आणि त्यातून जे बिघडले ते इतक्या वर्षांतही सुधारलेले नाही. तेव्हा वेळ वाचला असे आम्हांस म्हणवत नाही.

तो म्हातारा पगडिया आता हयात असण्याचा संभव नाही. त्याचे नावही आम्हांस आठवत नाही. रोजकामाखालच्या अंगठ्यांत त्याचा एक होता, एवढेच. नकाशा आम्ही रद्दीत दिला नाही. घडीवर मागून पातळ कापडाची पट्टी चिकटवली आणि लाल रेघेशेजारी शाईने, जे तेव्हाच लिहायला हवे होते ते लिहिले : एका ग्रामस्थाने विचारले, की ही रेघ भरतीची की ओहोटीची. उत्तर देता आले नाही. हरकत नोंदवून घेतली.